कॉफीपॉट घळीतला ओंडका

नॉरिसनं गोळी झाडली आणि तो एल्क, घोड्याएवढं ते हरण, थेट घळीच्या तळाशी जाऊन पडला, तेव्हाच आर्डिथनं मनातल्या मनात दिराला एक शिवी हासडली. सहाशे पौंडांचं जनावर, आणि पडायला जागा निवडली तीही कॉफीपॉट घळ. माणूस नुसत्या हातांनी उतरायलाही दोनदा विचार करेल अशी.

"गाडी जाईल की खाली," नॉरिस म्हणाला. "डेल्मर तर म्हणायचा, झाडावर चढवतो."

"डेल्मर बरंच काही म्हणायचा," आर्डिथ म्हणाली.

डेल्मर तिचा नवरा, नॉरिसचा धाकटा भाऊ. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. ही मोटरसायकल त्याचीच. आखूड, बुटकी, गाढवासारखी. टायर ट्रॅक्टरचे असावेत तसे रुंद, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकाला तसा पुढच्याही चाकाला. रस्त्यावर सायकलवाला हिला मागे टाकील, पण चिखल, धोंडे, आडवी झाडं यातून ही मुंगीसारखी चढत जायची. आर्डिथ पीअर्स गावातल्या शाळेची बस चालवायची, तिला यंत्राचं भय नव्हतं. डेल्मर गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ती गाडी शिकली.

नॉरिसबरोबर शिकारीला यायची तिची मुळीच इच्छा नव्हती. पण एकटीनं रानात जाऊ नकोस म्हणून लेकीनं डोकं खाल्लं. आणि नॉरिसला गेल्या वसंतात हार्ट अ‍ॅटॅक आलेला, मांस पाठीवर वाहायचं त्याच्या नशिबातून संपलं होतं. तिला सोबत हवी होती, त्याला गाडी. एवढ्यावर दोघं ऑक्टोबरातल्या त्या सकाळी ट्रकमधून उतरली. तिथून इथवर, जुन्या वणव्यात जळालेल्या उतारांवरून, चार मैल गाडीनं आणि पायी.

ट्रकपाशी नॉरिस म्हणाला होता, "ती चेनसॉ करवत घेऊ या. जळकं रान आहे, झाडं आडवी पडलेली असतील."

"वजन कशाला? गाडी ओंडक्यांवरून जाते," आर्डिथ म्हणाली होती.

गाडी खाली गेली. अगदी अलगद गेली. दोघांनी मिळून एल्क सोलला, मागचे दोन्ही फरे सुती पिशव्यांत घालून गाडीवर बांधले, आणि साडेदहाच्या सुमारास आर्डिथ गाडी घेऊन वर निघाली. नॉरिस बंदुका घेऊन मागून चालत, वीस पावलांवर.

पहिला ओंडका गाडी चढली. दुसराही. तिसरा चढताना पुढचं चाक पलीकडे उतरलं, मागचं वर आलं, आणि त्या चाकाच्या रेट्यानं खालचा ओंडका गर्रकन फिरला. त्याच्या आधारानं वरच्या अंगाला झाडाचा एक लांबलचक जळका सोट टेकलेला होता. आधार हलला तसा तो घसरला. आर्डिथनं उडी मारली, पण उजव्या पायानं. डावा मागे राहिला.

आवाज झाला तो फार मोठा नव्हता. दार लागावं तेवढाच.

ती उताण्या अंगानं उतारावर पडली होती. डावा पाय गुडघ्याच्या खाली दोन ओंडक्यांच्या मध्ये नाहीसा झाला होता. गाडी दोन पावलं खाली एका खुंटाला टेकून पडली होती आणि तिचं इंजिन शांतपणे टुकटुकत होतं.

नॉरिस धापा टाकत पोचला. त्यानं आधी इंजिन बंद केलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग ओंडक्याकडे.

"मोडला का?"

"मोडला. अंगठा हलतोय, पण." तिला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. "नॉरिस, एक शब्द बोलू नकोस."

"मी काय बोललो?"

"चेनसॉबद्दल. बोलू नकोस."

त्यानं पाठीवरची पिशवी उलटी केली.

हाडं कापायची छोटी करवत होती. नॉरिस तिनं दहा मिनिटं घासत बसला. दीड हात जाडीच्या ओंडक्यावर तिनं उंदरानं कुरतडावं एवढी खाच पाडली. मग त्यानं एक वासा आणला, खाली घातला आणि त्यावर लोंबकळला. ओंडका हलला, पण खाली. आर्डिथ अशी किंचाळली की पलीकडच्या उतारावरून कावळे उठले. वासा मोडला. नॉरिस पांढराफटक पडून खाली बसला आणि खिशातली छातीच्या दुखण्याची गोळी जिभेखाली ठेवली.

"मी जातो वर," तो थोड्या वेळानं म्हणाला. "ट्रक घेऊन गावात जातो, माणसं आणतो."

"चार मैल चढण. तुझ्या त्या छातीनं?"

"हळूहळू जाईन."

"अर्ध्यात मरून पडशील. मग मी इथं कुणाची वाट बघू? आपण कुठं आलोय हे लेकीलाही धड सांगितलेलं नाही."

हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. खरं असं होतं की तो डोळ्यांआड गेला की ही घळ आपल्याला गिळेल, असं तिला वाटत होतं. आणि तो समोर राहिला तर त्याचं तोंड बघत बसावं लागेल, हेही तितकंच असह्य होतं. दोन वर्षं ती या माणसाला टाळत आली होती. दुकानात दिसला तर दुसऱ्या रांगेत जायची. आता हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर तो बसला होता, आणि तिला कूसही बदलता येत नव्हती.

नॉरिसला गप्प बसायची सवय नव्हती. भीती वाटली की तो जास्तच बोलायचा. त्यानं तिच्या अंगावर आपला कोट घातला, थर्मासमधली कॉफी पाजली, आणि बोलत सुटला. १९७१ चा बर्फ. डेल्मरनं लहानपणी गिरणीच्या तळ्यात कशी उडी मारली. डेल्मर असा, डेल्मर तसा.

"बास," आर्डिथ म्हणाली.

"अगं, तुझं लक्ष जरा दुसरीकडे—"

"अकरा दिवस." तिचे दात वाजत होते. "अकरा दिवस तो लुईस्टनच्या हॉस्पिटलात होता. रोज दाराकडे बघायचा. तू कुठं होतास?"

नॉरिसनं टोपी काढली, परत घातली.

"इथंच. म्हणजे याच डोंगरात. शिकारीला."

तिला वाटलं होतं तो काहीतरी रचेल. गाडी बिघडली, सर्दी झाली, असं काहीतरी. दोन वर्षं ती त्या खोट्याला तयार होऊन बसली होती.

"तो मरेल असं मला वाटलंच नाही," नॉरिस म्हणाला. "माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी फोन केला होता त्याला, तो म्हणाला, जा, दोघांपैकी एकानं तरी हंगाम गाठायला हवा. मला तेच ऐकायचं होतं. मी गेलो."

"मला तो असं कधी बोलला नाही."

"तुला कशाला बोलेल."

ती रडली नाही. उठून चालू लागावं, चालत चालत या माणसापासून मैलभर दूर जावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तिचा पाय लाकडात होता. तिनं मान दुसरीकडे वळवली. तेवढंच तिला करता येत होतं.

बारा वाजले. एक वाजला. पायातली कळ हळूहळू बधिर झाली, आणि ते कळेपेक्षा वाईट होतं. दोनच्या सुमारास बारीक बर्फ पडू लागला. मान वळवलेली होती तिकडेच, खाली, गाडी पडली होती. तिच्या मागच्या चाकावर बर्फाचे कण बसून विरघळत होते. आर्डिथ बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिली.

"नॉरिस. डेल्मरनं ती बोट कशी ओढली होती? डवरशॅकच्या धरणावर. चिखलात रुतलेली."

"गाडीनं."

"ते मलाही माहीत आहे. गाडी जागेवर उभी होती. मी किनाऱ्यावरून बघत होते. दोर चाकावर गुंडाळत जात होता."

नॉरिस ताठ बसला. "मागचं चाक उचललं होतं त्यानं. खाली दगड रचून. दोर हबला बांधला, चाकाच्या मधल्या तुंब्याला, टायरच्या आतल्या अंगाला. चाक फिरलं की दोर गुंडाळायचा." मग त्याचा चेहरा पडला. "पण हिचं पुढचं चाकही फिरतं, आर्डिथ. मागचं उचललं तरी पुढचं गाडी घेऊन पळणार."

"पुढची चेन काढ. त्यानंही काढली होती. माझ्याकडे धरायला दिली होती, माझा नवा पांढरा शर्ट काळा झाला."

मग सगळं फार हळू चाललं. नॉरिसनं एल्कचे फरे सोडून खाली टाकले. गाडी उभी केली, दोनदा विसावा घेतला. चौकटीखाली चपटे दगड सरकवून मागचं चाक बोटभर अधांतरी केलं. पुढची चेन काढताना जोडाची क्लिप त्याच्या गारठलेल्या बोटांतून उडाली आणि पाचोळ्यात गेली. तो शोधत बसला, तर आर्डिथ ओरडली, "ते नंतर!" गाडी वर ओढली जाऊ नये म्हणून त्यानं ती खुंटाला करकचून बांधली. एल्क ओढायचा दोर ओंडक्याच्या निमुळत्या टोकाला बांधून वरच्या एका उभ्या जळक्या झाडाला वळसा दिला आणि दुसरं टोक चाकाच्या हबपाशी आणलं.

"दोर तुटला तर?" तो म्हणाला.

"तर तुटेल."

"आणि ओंडका भलतीकडे सरकला तर?"

"नॉरिस, चालू कर ती गाडी."

आर्डिथनं ओंडक्यांच्या फटीत चाकू घातला आणि हात पोचेल तिथवर बुटाची नाडी कापत गेली. नॉरिसनं इंजिनाची दोरी ओढून ओढून सहाव्या खेपेला ते लागलं. पहिल्या गिअरमध्ये चाक फिरलं, दोर ताठ झाला, वरच्या झाडाच्या जळक्या सालीतून धूर निघाला. ओंडका करकरला. आधी काहीच नाही. मग रक्त पायात परत शिरलं आणि तिच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं, त्यावरून तिला कळलं की तो उचलला जातोय.

"अजून!"

"झाड वाकतंय!"

"वाकू दे! अजून!"

बूट अडकलेला होता. तिनं दोन्ही कोपरं जमिनीत रोवली आणि पाय बुटातून ओढून काढला, मोडका पाय, नुसत्या मोज्यानिशी, किंचाळत. ती पुरती बाहेर येते न येते तोच वरचं झाड मुळासकट कलंडलं, दोर सैल पडला आणि ओंडका धाडकन परत खाली बसला. बुटाचा चिखलात सपाट पापड झाला.

नॉरिसनं इंजिन बंद केलं आणि तिथंच गुडघ्यांवर बसला. तो रडत होता, मोठ्यानं, लहान पोरासारखा. आर्डिथला त्याचा राग येईना आणि दयाही येईना. तिला फक्त थंडी वाजत होती.

पण घळ अजून घळच होती. पुढच्या चेनशिवाय गाडी त्या उतारावर चढली नसती, आणि क्लिप काही सापडेना. शेवटी आर्डिथनं फऱ्याच्या पिशवीचं तोंड आवळलेली तार काढायला सांगितली. नॉरिसनं जोडाच्या दोन्ही खिळ्यांभोवती ती आठ वेळा आवळून पिळली. तिचा पाय त्यानं मोडक्या वाशाचे दोन तुकडे लावून बंदुकीच्या पट्ट्यानं बांधला. मांस तिथंच राहिलं.

"मी ही कधी चालवलेली नाही," तिला मागे बसवल्यावर तो म्हणाला.

"ठाऊक आहे. हँडल सरळ धर आणि घाबरून ब्रेक दाबू नकोस. चढताना थांबलास तर आपण दोघं परत खाली."

तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली. दुसरं काही धरायला नव्हतं. त्याच्या शर्टातून तंबाखूचा, रक्ताचा आणि घामाचा वास येत होता, आणि गाल टेकला तिथं पाठीतून छातीची धडधड कानाला लागत होती, मध्येच एखादा ठोका चुकवणारी. प्रत्येक ठोका चुकला की ती पुढच्याची वाट बघायची. बर्फात पुढचं चाक घसरायचं, मग पकडायचं, मग मागचं. ती ओरडायची, "डावीकडे! गॅस सोडू नकोस!" आणि तो सोडत नव्हता.

डोंगराच्या धारेवर पोचता पोचता तार तुटली. पण तोवर चढण संपली होती.

आर्डिथच्या पायात लोखंडी पट्टी बसली आणि दोन बोटं गेली. सगळा हिवाळा तिची बस दुसऱ्या बाईनं चालवली, आणि मुलांनी सांगितलं की ती बाई वळणावर फार हळू जाते. तिनं लेकीला सगळं सांगितलं, फोनचं सोडून. डेल्मर खरंच जा म्हणाला होता की नाही, हे आता कुणाला विचारणार? कधी तिला वाटायचं, म्हणालाच असेल. तो तसाच होता. कधी वाटायचं, नॉरिसला खोटं बोलायला घळीतले चार तास पुरेसे होते.

दुकानात तो दिसला तर ती आता रांग बदलत नाही. तो बोलतो, ती ऐकते. कधी उत्तर देते. मार्चमध्ये एकदा त्यानं विचारलं, "यंदा येशील?"

"नाही," आर्डिथ म्हणाली, आणि काठी सावरत आपली पिशवी उचलली. "पण गाडीला नवी चेन टाकायची आहे. रविवारी ये. एकटीनं चाक धरवत नाही."