हॉर्न वाजला की पाणी

"बाईमाणूस असून एवढं मोठं धूड ओढते," असं कोणी म्हणलं की माह्या तळपायाची आग मस्तकात जाते. काऊन बे, गाडीले काय समजते स्टेअरिंगवर लुगडं हाय का धोतर? क्लच दाबला तं गिअर पडते, नाई दाबला तं बोंबलते. बाईच्या हातानं बी तसंच अन् बुवाच्या हातानं बी तसंच. पण त्या दिवसापासून मी यावर जास्त बोलत नाई. म्हणजे बोलते, पण पयलेसारखं नाई.

उन्हाळा लागला की आमच्या गावाच्या विहिरी तळ दाखवतात. गाव खाली, खोऱ्यात. वर पठारावर, साखरखेर्ड्याच्या वाटेनं, मुजम्मिलभाईची विहीर हाय, तिले मे महिन्यात बी पाणी. तिथून टाकी भराची, घाट उतरून गावात आणाची अन् पारापाशी उभी कराची, हे आमचं दर उन्हाळ्याचं काम. टाकी चाकांवरची, ट्रॅक्टरच्या मागं लावाची. पण यंदा ट्रॅक्टरचं इंजिन खोलून चिखलीले वाहेदभाई मिस्त्रीकडं पडलं होतं. गाव काय इंजिन बसेपर्यंत तहानलेलं राहणार होतं? मंग मीच म्हणली, आपली पिकअप का शोभेले ठेवली? टर्बोवाली हाय, लावा तिच्या मागं हूक.

वाहेदभाईनं हूक लावून देला. वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवून म्हणला, "भाभी, टर्बो खींचेगा, बिनधास्त खींचेगा. पण थांबवाचं काम टर्बोचं नाई, ते तुमचं. घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका. अन् टाकी एक तं गच्च भरलेली, नाई तं साफ रिकामी. अर्धी टाकी घेऊन उतार उतरू नका. भरलेलं पाणी गप बसते, अर्धं पाणी धावते."

"हाव, हाव," म्हणली मी. मिस्तरी लोकं सांगतच असतात.

अन् खरं सांगते, गाडीनं नाव काढलं. चढावर टर्बोची शिट्टी वाजे अन् मागची टाकी मुकाट येई. गाडी मी चालवू, अन् निवृत्ती, माहा नवरा, टाकीवर बसे. टाकीच्या तोंडाचं झाकण कधीचं तुटलेलं, त्याच्यावर ताडपत्री दाबून कोणी तरी बसावंच लागे. तो मजेत बसे, डोक्याले दुपट्टा गुंडाळून, नवरदेवावानी.

घाटाच्या शेवटच्या वळणावर आलं की मी लांबलचक हॉर्न देऊ. तो हॉर्न म्हणजे पाणी आलं. तो ऐकला की अख्खं गाव घागरी, ड्रम, कॅन, जे हाती लागंल ते घेऊन रस्त्यावर. पारापाशी रस्ता अरुंद, टाकी रस्त्याच्या मधातच उभी राहे, म्हणून नंबर बी रस्त्याच्या मधातच लागे. पयला नंबर कोणाचा? माह्या छकुलीचा. नऊ वर्षांची पोट्टी, पण घागर मांडून अशी उभी राहे की कोणाची हिंमत नाई तिच्या पुढं सरकाची. "माह्या आईचं टँकर हाय," म्हणे. मले बी बरं वाटे. नाई कसं म्हणू?

त्या दिवशी दुपारी ऊन असं की डांबर चाकाले चिकटून राह्यलं होतं. टाकी गच्च भरून आम्ही निघालो. पठारावर वीटभट्टी हाय, तिथल्या बाया रस्त्यात आडव्या झाल्या. त्यांचं टँकर आलंच नव्हतं. एकीच्या कडेवर लेकरू, ओठ सुकलेले त्याचे. मी खिडकीतून मान बाहेर काढली तोवर निवृत्तीनं वरून उडी मारून मागचा नळ खोलला बी.

"अहो! काय करून राह्यले?"

"पाणी देऊन राह्यलो. दिसत नाई का?"

"गाववाले काय पितील मंग? तुमचं काळीज?"

"अवं जयमाले, लेकरू पाह्य न तिचं."

लेकरू पाह्यलं मी. मंग गाडी बंद केली. बाया घागरी भरत गेल्या, अन् नळ बंद केला तवा टाकी अर्धी झाली होती. वाहेदभाईची गोष्ट मले तवाच आठवली. मी म्हणली बी, "अहो, अर्धी टाकी घेऊन घाट उतराचा नाई, असं म्हणला होता तो."

निवृत्ती हसला. "अवं, वजन तं कमी झालं न? भरलेली टाकी उतरवते तू रोज. अर्धी तं अजून सोपी."

मले बी ते पटलं. कोणाले बी पटलं असतं. वजन कमी झालं, मंग भ्या कायचं?

घाटाच्या तोंडाशी दुसरा गिअर टाकला. पयलं वळण आलं, मी ब्रेकवर पाय ठेवला, अन् मागून धाडकन धक्का बसला. टाकीतलं सारं पाणी पुढच्या पत्र्यावर येऊन आदळलं होतं. गाडी माह्या मनाच्या पुढं पळाली. ब्रेक सोडला तं पाणी मागं गेलं, गाडी हिसकली. पुन्हा दाबला, पुन्हा धक्का. वरून निवृत्ती ओरडला, "हळू व! हळू!" हळू! जशी काई मीच हौसेनं पळवून राह्यली होती.

तिसऱ्या धक्क्याले गिअर उडाला. खटकन आवाज आला अन् गिअरचा दांडा न्यूट्रलले येऊन पडला. मी क्लच दाबला, दुसरा टाकाले गेली, तं गिअर घेईच ना. गाडीनं वेग पकडला होता. कर्रकर्र नुसती दातं खाल्ली त्यानं. आता गाडीले धरून ठेवणारं इंजिन नव्हतं, फक्त ब्रेक. अन् ब्रेकचा वास केबिनमध्ये यायले लागला. पयले ब्रेक टणक लागला, मंग पोचट. मंग तळाले जाऊन बसला. हॅन्डब्रेक ओढला, त्यानं बी नुसता धूर केला. माय व!

शेवटच्या वळणावर समोर एक मोटारसायकल, मागं मोठं गाठोडं बांधलेली, आरामात मधातून चाललेली. मी हॉर्न दाबला. दाबूनच धरला, जीव खाऊन. त्यानं मागं पाह्यलं, गाठोड्यासकट कडेच्या झुडपात घुसला. वाचला बिचारा. मी श्वास घेतला.

अन् मंग मले समजलं की मी काय केलं.

खाली गावात एका मागं एक दारं उघडली. बाया, पोरं, म्हातारे, ज्याच्या हाती जे लागलं ते घेऊन धावत सुटले. रस्त्याच्या मधात. पाणी आलं म्हणून. जे माणसं आवाज ऐकून पळाले पायजे होते, ते आवाज ऐकून जवळ येऊन राह्यले होते. मी हात बाहेर काढून हलवला, सरका, सरका. तं खालून पोरांनी बी हात हलवले. हसून! निवृत्ती वरून पत्रा बडवून बोंबलला, तसे ते अजून पुढं आले. अन् सगळ्यांच्या पुढं, पारासमोर, रस्त्याच्या मधोमध घागर ठेवून उभी होती माही छकुली. लाल फ्रॉक. दोन्ही हात कमरेवर.

हॉर्न पुन्हा वाजवू का? वाजवला तं अजून माणसं येतील. नाई वाजवला तं हे हटणार नाईत. डाव्या हाताले नाला, खोल. उजव्या हाताले मनकर्णाबाईचा उकिरडा अन् त्याच्या अंगाले पऱ्हाटीची, वाळल्या कपाशीच्या काड्यांची, मोठी गंज. त्या उकिरड्यावरून म्हातारीशी मी किती भांडली! ग्रामसभेत उभी राहून म्हणली होती, रस्त्याच्या कडेचा हा उकिरडा उचला, नाई तं मी पेटवून देईन. म्हातारी बी जिद्दीची, टोपलंभर शेण हलवलं नाई तिनं.

आरशात पाह्यलं. निवृत्ती टाकीवर पालथा पडून कडीले धरून होता. मी उजवीकडं वळली तं तो फेकला जाणार, हे मले पक्कं माहीत होतं. टाकी त्याच्या अंगावर बी येऊ शकत होती. हे बी माहीत होतं. मी निवडलं. कोणाले काय म्हणाचं ते म्हणा. छकुलीच्या लाल फ्रॉककडं पाहून मी माह्या नवऱ्याले सोडलं.

"धरा! घट्ट धरा!" ओरडली, अन् स्टेअरिंग उजवीकडं ओढलं.

गाडी उकिरड्यात घुसली. शेण, राख, काड्या काचेवर. मंग पऱ्हाटी मोडाचा कडाकडा आवाज, छातीवर स्टेअरिंगचा दणका, अन् मागून टाकी आडवी होऊन कलंडली तिचा आवाज. मंग काईच नाई. फक्त पाण्याचा आवाज.

दार उघडेना, खिडकीतून पडली मी बाहेर. "अहो! अहो!" टाकी उकिरड्याच्या कडेले आडवी, तोंडातून पाणी भळभळ वाहून राह्यलं. निवृत्ती टाकीवर नव्हता. टाकीखाली वाकून पाह्यलं, तिथं बी नव्हता. मनकर्णाबाई धावत आली अन् मले काई न विचारता दोन्ही हातांनी पऱ्हाटी उपसाले लागली. म्हातारीच्या हाताले काटक्या लागून रक्त आलं. गंजीच्या पलीकडच्या शेणातून एक दुपट्टा दिसला. मंग नाक.

उजवा हात मोडला होता त्याचा, कोपरापासून वाकडा. तोंडातलं शेण थुंकून म्हणे, "पोट्टी?"

"हाय," मी म्हणली. "मरा तुम्ही. तुमचं ते लोण्याचं काळीज घेऊन मरा." अन् त्याच्या छातीवर डोकं ठेवून रडली, सगळ्या गावासमोर, शेणानं भरलेल्या छातीवर.

माणसं गोळा झाली. कोणी गाडी आणाले गेलं, निवृत्तीले डोणगावच्या दवाखान्यात न्यायले. पाणी रस्त्याच्या खड्ड्यांतून खाली पारापर्यंत गेलं, अन् घागरी घेऊन उभ्या राह्यलेल्या बायांपैकी एकीनं बी ते भरलं नाई. तशाच उभ्या होत्या.

छकुली आली. घागर कमरेवर तशीच. तिले पाह्यलं अन् जे भ्या पोटात दबून बसलं होतं ते सारं माह्या हातात आलं. एक ठेवून देली तिच्या गालावर. "मधात उभी राह्यते? डोळे फुटले का तुहे? गाडी येताना दिसत नाई? पळता येत नाई तुले?"

पोट्टीनं गाल धरला. रडली नाई. डोळे भरले, पण पाणी खाली पडू देलं नाई तिनं. माह्याकडं असं पाह्यलं की जशी मी काई विचित्रच बोलून राह्यली.

"पण आई," ती म्हणली, "हॉर्न तं तूच वाजवला न."