खोडलेलं नाव

"मुटुब्याच्या झाडावरचा मेणकिडा वेगळा आणि कॉफीवरचा वेगळा, नाबुकालूबाई. पुस्तकात दोन नावं आहेत," सेकित्तोसाहेब म्हणाले.

तीस वर्षं प्रयोगशाळेत किडे सांभाळणारी नाबुकालू फणकारली, "पुस्तकानं कधी किडे पाळलेत का?"

तिनं दोन कुंड्या आणून टेबलावर आदळल्या. एकाच मादीची पिल्लं तिनं वर्षापूर्वी निम्मी मुटुब्याच्या रोपावर आणि निम्मी कॉफीवर सोडली होती. मुटुब्यावरची गुबगुबीत, गुलाबी झाली होती. कॉफीवरची चपटी, पांढरी.

साहेब भिंगातून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी नोंदवही आणि पेन तिच्यापुढे सरकवलं.

किड्यांना नावं देऊन मिरवणारे तिनं ढीगभर पाहिले होते. नाबुकालूनं वहीतल्या दोन नावांपैकी एक खोडलं आणि ताठ मानेनं दोन्ही कुंड्या उचलल्या.