शेवटचा थर कुणाचा

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनो, कान इकडे द्या. भरल्या घरात, पितरांच्या देव्हाऱ्यापुढे एका मुलीनं थोरल्या भावाचं ऐकलं नाही, त्याची गोष्ट सांगायची आहे. मन लावून ऐका.

जपानातल्या वाजिमा गावी लाकडी भांड्यांवर लाखेचे चकाकते थर चढवायचा एक कारखाना होता. त्याचे धनी गेनपाची वारले, त्याला त्या दिवशी एकोणपन्नास दिवस झाले होते. पुरोहितांचा पाठ संपला होता. पाहुणे जेवत होते. जेवणं झाली की तिथल्या रीतीप्रमाणे अस्थी थडग्यात ठेवायला निघायचं. तेवढ्यात थोरल्या तोकुजीनं बहिणीला, नामिएला, बाजूला घेतलं.

"ते तुझ्या चित्रपटाचं रीळ दे. बाबांच्या अस्थींबरोबर ठेवतो. मानानं."

"मान बाबांचा, की तुझ्या कारखान्याचा?"

नामिए तोक्योत राहायची. छोट्या कॅमेऱ्यानं एकटीच घरच्या माणसांचे चित्रपट करायची आणि चहाच्या दुकानावरच्या माडीत वीस-पंचवीस जणांना दाखवायची. ना नट, ना आवाज. पडद्याशेजारी उभी राहून ती स्वतःच बोले. कॅमेऱ्यात घातलेली फीतच धुऊन दाखवायच्या यंत्रावर चढायची. दुसरी प्रत नसायची. ती गेली की गेलीच.

आणि या फितीत काय होतं? शेवटची तीन वर्षं गेनपाचींचे हात थरथरत होते. धुळीचा कणही खपत नाही अशा बंद खोलीत बसून लाखेचा शेवटचा थर देत होती त्यांची बायको, इतो. वाडगा ज्या पेटीत घालून विकायचा, तिच्यावर सही मात्र गेनपाचींची.

"बाहेर आपली भांडी घेणारे व्यापारी बसलेत," तोकुजी दातओठ खात म्हणाला. "घराण्याचं नाव जाईल."

"आईचं नाव तर कधी आलंच नाही, दादा. मग जाणार कुणाचं?"

"देव्हाऱ्यातल्या बुद्धापुढे तमाशा करणार?"

"बुद्धापुढेच. इथं खोटं कसं बोलू?"

पाहुणे जेवत होते तिथं येऊन तिनं झडपा ओढल्या, सरकत्या दारावर चादर टांगली आणि यंत्र लावलं.

"जेवणावर सिनेमा?" काका खूश झाले. "मारामारी आहे ना?"

"आहे, काका. धीर धरा."

चादरीवर आई आली. डोक्याला फडकं, हातात केसांचा कुंचला, श्वास रोखलेला. वाडग्याच्या कडेवरून कुंचला एका दमात फिरला. "ही माझी आई," नामिए बोलू लागली. "हा शेवटचा थर. गेली तीन वर्षं—"

तोकुजीनं झेप घेऊन फिरतं रीळ दाबून धरलं. फीत दिव्यापुढे अडली. चादरीवरच्या आईच्या गालावर तपकिरी डाग उठला, फुगला, फुटला. जळका वास सुटला. नामिएनं दिवा मालवला.

"सगळ्यांदेखत माझं तोंड काळं करतेस!" तो ओरडला.

"तू आईचं जाळलंस."

तेवढ्यात इतोचा आवाज आला, "तोकुजी, हात काढ. यंत्र तापलंय, भाजेल."

त्यानं हात काढला. काका हळूच म्हणाले, "पोरी, जळकं तेवढं कापून टाक."

"नाही कापणार." नामिएनं भोकाच्या दोन्ही बाजूंना पारदर्शक पट्टी चिकटवली. "जिथं दाखवीन तिथं सांगेन, हा माझ्या भावाचा हात."

पाहुण्यांतले एक म्हातारे व्यापारी इतोकडे वळले. "वहिनी, हे खरं? त्या तांबड्या वाडग्यांवरचा थर...?"

"खरं." काळ्या किमोनोतली ती म्हातारी ताठ होऊन बसली. "तुम्ही दारात उभं राहून यांची स्तुती करायचात ना, तेव्हा मी आत हसू आवरायला तोंडात फडकं धरायचे. यांनाही हसू यायचं. पण बाहेर येऊन सांगायला आम्हा दोघांनाही धीर झाला नाही. माझ्या लेकीला झाला. नामिए, लाव ग पुढचं."

तोकुजी पाय आपटत अंगणात गेला. त्याला कुणी हाक मारली नाही. चित्रपट शेवटपर्यंत चालला. त्यानंतर सगळे अस्थी घेऊन थडग्याकडे निघाले. रीळ नामिएच्या पिशवीत राहिलं.

बाबांनो, एवढंच मागणं आहे. गुळगुळीत चकाकणाऱ्या भांड्यावरून कधी बोट फिरलं, तर क्षणभर थांबा आणि इतोची आठवण काढा. तिच्या नावानिशी काढा.