एशियाडला जायच्या आधी

आमच्या मालकांनी उभ्या जन्मात लाडू वळला न्हाई. पण लेकीची जपानच्या एशियाडला निवड झाली आन हा माणूस परातीपुढं मांडी घालून बसला. म्हणाले, "तू सर, डिंकाचं लाडू मी करतो." मला बाई लय कौतुक वाटलं. बैलापुढं बायको-पोरं न दिसणारा नानासो सुधारला म्हणून सगळ्या उंब्रजमधी सांगत सुटले मी.

आमची उत्कर्षा पंधराशे मीटर पळती. सांगलीला विश्रामबागेत राहून सराव करायची. लाडवाचा डबा मालक स्वतः नेऊन द्यायचे.

परवा सत्काराला ती घरी आली. गाव पांगल्यावर सोप्यात जेवता जेवता सांगाय लागली, "आई, चार वर्षांनी एकदा येतं एशियाड. उद्घाटनाला आमी झेंड्याच्या मागं चालणार. आन एक खेळाडू सगळ्यांच्या वतीनं शपथ घेतो, आमी उत्तेजक घेणार न्हाई म्हणून."

"शपथ कशाला गं? तुमी काय चोर हाय का?" मी म्हणले. ती खदाखदा हसली. मालक मात्र जेवणावरनं उठून गोठ्यात गेले. मला तवाच कसंतरी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. एक बाई आन एक माणूस उतरले, हातात पेटी. उत्तेजक तपासायला पोरीच्या लघवीचा नमुना पायजे म्हणाले.

"घाबरू नको," उत्कर्षा म्हणाली. "आमी कुठं हाय ते कळवावंच लागतं. कवाबी येत्यात."

मी चहा टाकला. त्यांनी कपाला हात लावला न्हाई. ती बाई तर पोरीला एकटीला चुलीपर्यंतबी जाऊ देईना. सावलीवानी मागं.

कुणी आलं की पुढं पुढं करणारे मालक गोठ्यातनं बाहेरच येईनात. मी गेले. शर्यतीच्या बैलाला, तुफानला, खरारा करत उभे. माझ्याकडं बघंनात.

"काय केलंय तुमी?"

"काय न्हाई गं. लाडवात जरा तुफानची पावडर घातली."

"कसली पावडर?"

"ताकदीची. शर्यतीच्या मैदानात मिळती. ती दिल्यापासनं त्यो एक फायनल सोडत न्हाई. त्याला काय झालं का? मग पोरीला काय हुतंय?"

"आवं, जनावराचं औषध लेकीला? जळ्ळं तुमचं डोस्कं! पोरीचं वाटोळं केलं तुमी!"

"बैलाला कोण मुतायला लावून तपासतंय का? मला काय ठावं!" म्हातारा रडाय लागला. मला कीव न्हाई आली. दंड धरून मी त्याला अंगणात आणला.

उत्कर्षा नमुन्याचा कप हातात घेऊन उभी. "आई, पाणी दे गं, अजून लागली न्हाई."

पाण्याचा तांब्या आणला आन तिला बाजूला घ्यायला बघितलं, तर ती बाई हलंना. मग काय, तिच्यादेखत सांगितलं. लाडू, पावडर, सगळं.

पोरीचं तोंड पांढरं पडलं. "मी नमुनाच न्हाई दिला तर?"

"नकार दिलात तरी बंदी येऊ शकते," ती बाई हळू बोलली. "चार वर्षांपर्यंत."

"मग पुढच्या एशियाडचं काय वो?" मी विचारलं.

उत्कर्षानं माझ्या हातातला तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्याली. बापाफुडं जाऊन उभी ऱ्हायली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आण्णा, निवड तर माझी मीच मिळवली हुती. फुडं मी माझ्या पायानं जिंकीन असं तुमाला वाटलंच न्हाई व्हय?"

 मग ती कप घेऊन त्या बाईसंगं आत गेली.