आखाजीला लेक आणणारी दमणी

मी एक जुनी दमणी आहे. मला गाडी म्हणू नका, राग येतो. गाडी शेणखत वाहते, कापूस वाहते. दमणी फक्त माणसं वाहते. आखूड बैठक, हलकी चाकं, वर बांबूच्या तट्ट्याचं छत आणि पुढे पळणारी बैलजोडी. आमच्या खान्देशात ज्याच्या दारात दमणी, त्याला गावात मान असायचा. त्यामुळे मी थोडी चढेल आहे, हे आधीच सांगून टाकते.

मित्रांनो, दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात कौतिक सुताराने मला घडवलं. चाकांना बाभूळ, बैठकीला साग. चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवली, तेव्हाचे चटके अजून आठवतात. पण काम चोख होतं. मला विकत घेतलं तोतारामभाऊंनी, आणि तेही एका कामासाठी. त्यांची थोरली बहीण लताबाई अडीच कोसांवरच्या गावी दिलेली होती. आखाजीला तिला आणायचं होतं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या तळतात. तोतारामभाऊ भल्या सकाळी बैलांना घुंगरमाळा घालायचे आणि मला जुंपायचे. बहिणीच्या दारात उभं राहून 'तुला न्यायला आलो' अशा अर्थाचं एकच वाक्य बोलायचे, "अक्का, तुले लेवाले उनू." लताबाई आधी डोळे पुसायच्या, मग हसायच्या, मग बसायच्या. येताना वाटभर त्या गात असायच्या आणि जाताना एक शब्द बोलायच्या नाहीत. मला तो परतीचा रस्ता कधीच आवडला नाही.

पुढे मोटरसायकल आली, ट्रॅक्टर आला. मला गोठ्यामागे ढकललं. कोंबड्या माझ्या बैठकीवर अंडी घालू लागल्या. ज्या बैठकीवर नव्या नवऱ्या बसल्या, तिथे कोंबड्या! लताबाई मात्र दर आखाजीला एस.टी.ने येत राहिल्या. आल्या की गोठ्यामागे यायच्या आणि कोंबड्यांना हाकलायच्या. एका पावसाळ्यात तोतारामभाऊ गेले. त्यानंतरही लताबाईंनी आखाजी चुकवली नाही.

मग भाऊंचा मुलगा हितेंद्र पुण्याची नोकरी सोडून घरी परतला. त्याने जुनं धाब्याचं घर पाडलं नाही. मातीच्या भिंती पुन्हा लिंपल्या, धाब्यावर, म्हणजे वरच्या सपाट छतावर, नवी पांढरी माती टाकली, सूर्याच्या उजेडावर चालणारे दिवे आणले, आणि चार खोल्या शहरातल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. मातीच्या गारव्यात राहायला लोक येऊ लागले. मलाही बाहेर काढून तेलपाणी केलं. पंडित नावाचा गाडीवान मला हाकू लागला. पाहुण्यांना घेऊन मी तापीच्या काठावर जाते, हिवाळ्यात मिरचीची लाल वाळवणं दाखवते, लांबून सातपुडा दाखवते. सगळे माझे फोटो काढतात. एका गृहस्थाने तर विचारलं, "ही किती ॲव्हरेज देते?" बैलांनीही मान फिरवली.

दिवस छान चालले होते. पण या वर्षी हितेंद्रकडून एक चूक झाली. आखाजी जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये पडली आणि त्याने चारही खोल्या पाहुण्यांना देऊन टाकल्या. लताबाई दरवर्षी उतरायच्या ती मधली खोलीसुद्धा. सणाला दोन दिवस उरले तेव्हा त्याच्या लक्षात आलं. माझ्या बैठकीवर बसूनच त्याने आत्याला फोन लावला, आणि अडखळत सगळं सांगितलं.

"ऱ्हाऊ दे हितू," लताबाई म्हणाल्या. "तुना घरमा पाहुना शेतस. मी आवंदा नही येस."

आत्या यंदा येत नाही म्हटल्यावर हितेंद्रला जरा सुटल्यासारखं वाटलं असावं. शेजारी त्याची बायको मोहिनी उभी होती. ती म्हणाली, "ऐकलंत ना? अक्का 'तुझं घर' म्हणाल्या. आजवर 'माझं घर' म्हणायच्या."

हितेंद्र उठला आणि गोठ्यात जाऊन वडिलांच्या वेळच्या घुंगरमाळा शोधू लागला.

आखाजीच्या सकाळी पाहुणे तापीवर जायला तयार होऊन आले. हितेंद्रने हात जोडले. "आज दमणी मिळणार नाही. ती घरच्या लेकीला आणायला चालली आहे." पंडित सणासाठी आपल्या गावी गेला होता, म्हणून हितेंद्र स्वतःच हाकायला बसला. कासरा धरायचा कसा एवढंच त्याला ठाऊक! दोनदा आम्ही बांधावर चढलो. पण बैल समजूतदार होते आणि मला रस्ता पाठ होता.

लताबाई ओट्यावर बसल्या होत्या. हितेंद्र खाली उतरला. त्याचा आवाज थेट त्याच्या वडिलांसारखा आला.

"अक्का, तुले लेवाले उनू."

"घर भरेल शे ना? मंग मी कोठे झोपसू?"

"मनी खोलीमा. मी नि मोहिनी धाबावर झोपसूत."

लताबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, आता वेळ लागणार. लुगडी काढतील, घड्या घालतील. पण त्या लगेच बाहेर आल्या. हातात पिशवी होती. ती आधीच भरून ठेवलेली होती.

हितेंद्रने ती पिशवी माझ्या बैठकीवर ठेवली.

माहेरी येताना त्या पूर्वीसारख्याच वाटभर गात होत्या. दारात एका पाहुण्या बाईने कौतुकाने विचारलं, "आजी, तुमची खोली कोणती?" लताबाई माझ्या चाकाला धरून उतरल्या आणि म्हणाल्या, "मी पाहुनी नही, बाई. मी आठली लेक शे." आणि ही इथली लेक कुणाला विचारायला न थांबता थेट चुलीकडे गेली.

मित्रांनो, मला वर्षातून दोनदा वंगण द्या, पावसात उघड्यावर ठेवू नका, एवढं पुरे. पण एक विनंती आहे. घर सुंदर करा, दूरच्या माणसांना बोलवा, त्यांना आपला मुलूख दाखवा. फक्त सणाच्या दिवशी घरच्या लेकीची जागा कुणाला देऊ नका. ती कधी भांडणार नाही. येत नाही म्हणेल, पिशवी भरेल आणि ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राहील.