सतरा नंबरचा फॉर्म

जरीपटका वस्तीतल्या त्या शाळेच्या फाटकावर ‘दहावीचा निकाल सलग नऊ वर्षे शंभर टक्के’ असा फलक आहे. शाळेचं नाव त्याच्याखाली कुठेतरी दबून गेलंय. हे शंभर टक्के कसे येतात, ते मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक आहे. जे पोरगं नापास होईलसं वाटतं, त्याच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला ठेवायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून त्याला बाहेरून परीक्षेला बसवायचं. नापास झालं तरी ते शाळेचं नाही! या लबाडीला इथे शिस्त म्हणतात, आणि प्रवेशासाठी आईबाप पहाटेपासून रांग लावतात.

जुलैत अशा शाळेत मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं. वरून आदेश होता म्हणून झालं. डॉक्टर मेघाताई घसा सुकेस्तोवर सांगत होत्या, “मूल बोललं तर ऐका, उपदेश करू नका. जगणं नको म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या.” मागच्या रांगेत घटक चाचणीचे पेपर तपासणं चाललं होतं. पुढे मुख्याध्यापक गोतमारे सर डोळे मिटून चिंतन करत होते, आणि त्या चिंतनाला घोरण्याचा आवाज होता. गरमागरम आलुबोंडे आले तेव्हा सगळे जागे झाले. फोटो निघाला, प्रमाणपत्रं वाटली गेली आणि मानसिक आरोग्य आटोपलं.

कान देऊन ऐकलं ते फक्त दहावी ‘ब’च्या वर्गशिक्षिका नंदिनी मॅडमनी.

पंधरा दिवसांनी, मधल्या सुट्टीत, त्यांच्या वर्गातली सोनिका डबा न उघडता बसलेली दिसली.

“काहून वं, जेवत नाही?”

“भूक नाही लागत, मॅडम.” मग डब्याचं झाकण बोटाने खरडत ती म्हणाली, “कशातच मन नाही लागून राहिलं. मरून जावं वाटते.”

नंदिनी शेजारी बसली, विचारत गेली, ऐकत गेली. उन्हाळ्यापासून पोरगी हे एकटीच वागवत होती.

“कोणाले सांगू नका, मॅडम.”

“तुह्या आईले सांगा लागन. तुले एकटं नाही सोडत मी. पण वर्गात कोणाले कळणार नाही.”

त्याच संध्याकाळी नंदिनी सोनिकाला आणि तिच्या आईला, शोभाताईंना, घेऊन डॉक्टर मेघाताईंकडे गेली. औषध सुरू झालं. शाळा तोडू नका, मैत्रिणींत राहू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं. नंदिनीने हे सगळं बंद पाकिटातून गोतमारे सरांना कळवलं. तिथेच ती चुकली. खुर्चीत बसलेलाही माणूसच असतो, असं धरून चालण्याची खोड भल्या माणसांना असते.

पाकीट वाचून गोतमारेंची झोप उडाली. शिक्षकांच्या ग्रुपवर हुकूम सुटला, ‘दहावी ब मधील सोनिकासारखे मनोरुग्ण विद्यार्थी ओळखून नावे सायंकाळपर्यंत द्यावीत.’ प्रशिक्षणात पेपर तपासणारे एका दिवसात डॉक्टर झाले. संध्याकाळपर्यंत सोनिकासह अकरा नावं आली. एक मुलगी रडते म्हणून, एक पोरगा अडखळत बोलतो म्हणून. आणि ग्रुपवरचा हुकूम रात्रीपर्यंत पोरांच्या मोबाइलवरही पोचला.

दुसऱ्या दिवशी शोभाताई ऑफिसात बसल्या होत्या. समोर सतरा नंबरचा फॉर्म होता.

“ताई, पोरीच्या भल्याचंच सांगून राहिलो,” गोतमारे मधाळ आवाजात म्हणाले. “घरी आरामात अभ्यास करन. बोभाटा होणार नाही. उद्या तिचं लग्नाचं पाहा लागन ना?”

लग्नाचं नाव निघालं आणि शोभाताईंनी पेन उचललं. वर्गशिक्षिकेच्या सहीसाठी नंदिनीलाही बोलावलं होतं.

“सर, डॉक्टरांनी शाळा तोडू नका म्हटलं.”

“डॉक्टर निकाल लावून देणार आहेत काय, मॅडम? उलट प्रशिक्षणाचा फायदाच झाला. आता असे पोट्टे आपल्याले लवकर ओळखू येतात.”

दारात सोनिका उभी होती. “मॅडम, मी तं तुमालेच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “वर्गात सारे मले मेंटल म्हणून राहिले.”

नंदिनीला मान वर करवेना. “माहं चुकलं वं,” ती मुख्याध्यापकांदेखत म्हणाली. मग तिने फॉर्म सरकवून दिला. “मी सही करत नाही, सर. ही माह्या वर्गात बसन. काढायचं असन तं आधी मले काढा.”

“अन् निकाल पडला तं?”

उत्तर शोभाताईंनी दिलं. “माह्या पोरीले टायफॉइड झाला असता, तं शाळेतून काढली असती काय, सर?” त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. “मी नाही करत सही.”

सोनिका वर्गात जाऊन बसली. बाकीच्या दहा घरांतून मात्र शनिवारपर्यंत दहा सह्या आल्या. घराण्याचं नाक वाचलं, शाळेचं वाचलं. पोरांना कसं वाटतंय, हे दहातल्या एकाही घरात कोणी विचारलं नाही.

रविवारी नंदिनी त्या दहांपैकी पहिल्या, खुशीच्या घरी गेली. दार अर्धंच उघडलं.

“खुशी मामाच्या गावी गेली, मॅडम, कुहीले,” आई घाईने म्हणाली. तिच्या मागे, आतल्या खोलीच्या पडद्याखाली, खुशीची पावलं दिसत होती.

नंदिनी उंबऱ्यापाशीच खाली बसली.

“येऊ द्या तिले आरामात,” ती पडद्याकडे बघत म्हणाली. “मले घाई नाही. मी बसते इथं.”