कात्रीच्या मापाचं बोट

"कात्री? दवाखान्यात?" आईच्या पिशवीतून निघालेली दहा इंची कात्री पाहून कल्याणीने कपाळाला हात लावला.

सुंदराबाईंनी ती सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. कर्वेनगरात तीस वर्षं याच कात्रीने त्यांनी ब्लाउज बेतले होते. आता उजव्या तर्जनीचा मधला सांधा पार झिजला होता. कात्री उचलली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. बायकांनी शिवायला टाकलेली कापडं दोन महिने तशीच पडून होती.

डॉक्टर अनिरुद्ध पुन्हा समजावू लागले. "हे बघा, दोन मार्ग आहेत. कृत्रिम सांधा बसवला तर बोट वाकेल, पण फार जोर सोसणार नाही. दुसरं म्हणजे दोन्ही हाडं स्क्रूने जोडून टाकायची. दुखणं थांबेल, जोर येईल. पण ज्या कोनात जोडू त्याच कोनात बोट कायमचं राहील."

"सांधाच बसवू," कल्याणी म्हणाली. हिंजवडीच्या ऑफिसात बसून तिने सगळं वाचून काढलं होतं. "आई, मूव्हमेंट राहते त्यात. दिसतंही नॉर्मल. नाहीतरी काम बंदच करायचंय ना तुला?"

"कुणी ठरवलं?"

सुंदराबाईंनी कात्री लेकीपुढे सरकवली.

"तुझ्या कॉलेजला ही कात्री चालली. आता माझ्या हातात नको होय?"

सुंदराबाईंना भीती वाटत नव्हती असं नाही. बोट पुन्हा कधीच सरळ होणार नाही, हे त्यांना कळत होतं. पण रिकाम्या हाताची भीती त्याहून मोठी होती. त्यांनी दात आवळून कात्री उचलली. अंगठा एका कडीत घातला, बोटं दुसरीत. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मोजा," त्या म्हणाल्या. "असंच जोडा. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली, आज माझं घ्या."

डॉक्टरांनी कोनमापक काढून बोटाला लावला, आकडा लिहिला, पुन्हा लावून पाहिला.

"जरा जास्तच वाकलेलं राहील हं. खिशात हात घालताना अडकेल."

"साडीला खिसा नसतो, डॉक्टर."

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी पौर्णिमेला त्या कल्याणीसोबत वारज्याच्या बुद्धविहारात गेल्या. सकाळीच दोन ब्लाउज बेतून झाले होते. वंदनेसाठी त्यांनी हात जोडले. नऊ बोटं सरळ झाली, दहावं मधेच आडवं आलं आणि तळहातांत फट राहिली. इतकी वर्षं हे हात कसे घट्ट जुळायचे! त्यांना गलबलून आलं. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या, तशी कल्याणीने हळूच आईचा पदर त्या हातांवर ओढला.

सुंदराबाईंनी तो कोपराने मागे सारला. हात तसेच, फटीसकट, छातीशी धरले आणि खणखणीत आवाजात त्या वंदना म्हणू लागल्या.